सुताची फुले, श्रींची आरास

भाद्रपद शुद्ध चतुर्थी जवळ आली की पुण्यामुंबईच्या मंडयांतून फुलांच्या आणि पत्रीच्या राशी पडू लागतात. शेवंती, निशिगंध, झेंडू, तांबडी जास्वंद, आणि एकवीस पत्रींची दोऱ्याने बांधलेली जुडी. त्या जुडीत खरोखर एकवीस झाडांची पाने आहेत की चार झाडांचीच पाने पुन्हा पुन्हा आली आहेत, हे गिऱ्हाईक विचारीत नाही आणि माळीणही सांगत नाही. गडचिरोलीच्या वनप्रदेशात, एटापल्लीसारख्या तालुक्याच्या गावी, हे चित्र नेमके उलटे असते. येथे पत्रीचा तोटा नाही. दूर्वा, आघाडा, माका, रुई, धोतरा, डोरली ही तर कुंपणाच्या कडेलाच उभी असतात. बेल कोणाच्या तरी परसात असतो, बोर वाटेवर असते आणि शहरातील माणसाला ज्याचे पान ओळखता येणार नाही तो अर्जुन नाल्याच्या काठी आपल्या पांढुरक्या खोडासह सावली धरून असतो. तोटा आहे तो बागेतल्या फुलांचा.

गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळा झाला. विस्ताराने मोठा, परंतु आगगाडीचे स्थानक म्हणाल तर उत्तर टोकाला वडसा, एवढेच कित्येक वर्षे त्याच्या वाट्याला आले. दक्षिणेकडील एटापल्ली, अहेरी, भामरागड या भागांना जे काही बाहेरून यायचे ते रस्त्याने येते, आणि भाद्रपद म्हणजे ऐन पावसाचा महिना. नाल्याला पूर आला की गाडी अलीकडच्या तीरावर थांबते, आणि टोपलीतील शेवंती पलीकडे पोहोचेपर्यंत तिची रया गेलेली असते. रानात फुले नाहीत असे नव्हे. गुलाबी तेरडा याच दिवसांत माळ भरून फुलतो, कळलावीची ज्वालेसारखी फुले झुडपांतून डोकावतात. पण तेरडा तोडल्यावर तासाभरात मान टाकतो, आणि त्याचे तोरण दीड दिवसही टिकत नाही. दहा दिवसांची तर गोष्टच नको.

मग आरास करायची कशाने? एके काळी रंगीत कागद आणि बेगड पुरत असे. पुढे थर्माकोलची मखरे आली आणि गावोगाव पोहोचली. महाराष्ट्र शासनाने मार्च २०१८ मध्ये प्लॅस्टिक व थर्माकोलच्या वस्तूंवर बंदीची अधिसूचना काढल्यावर मखरांची ती चाल मोडली. प्लॅस्टिकच्या फुलांच्या माळा मात्र बाजारात लटकतच राहिल्या. स्वस्त, भडक, पहिल्या वर्षी झगझगीत आणि दुसऱ्या वर्षी धुळीने मळलेल्या. तिसऱ्या वर्षी त्या निर्माल्यासोबत नाल्यात जातात, आणि पाण्यात त्यांचे काही म्हणजे काही होत नाही.

आम्ही ज्या आळीत राहतो तेथे या प्रश्नाला गेल्या काही पावसाळ्यांत एक लहानसे उत्तर मिळाले आहे, आणि ते उत्तर दीड-दोन मिलिमीटर जाडीच्या एका पोलादी सुईच्या टोकाला आहे.

आकडा आणि साखळी

क्रोशाचे विणकाम आपल्याकडील मध्यमवर्गीय घरांत अपरिचित नाही. रेडिओवर घातलेला रुमाल, चौरंगाची झालर, देव्हाऱ्याचे पांढरे तोरण ही ज्यांनी पाहिली नाहीत असे आमच्या वयाचे वाचक विरळाच. क्रोशे या फ्रेंच शब्दाचा अर्थच मुळी लहान आकडा. बंगाली कुटुंबांत या सुईला कुरुश म्हणतात. पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांच्या वसाहती चामोर्शी-मुलचेरा भागात आहेत, आणि तेथून एटापल्लीत राहावयास आलेल्या एका काकूंच्या तोंडी आम्ही हा शब्द प्रथम ऐकला. आमच्या आळीत हे काम ज्यांनी रुजवले त्या शिक्षिकाबाई मात्र मूळच्या सावंतवाडीकडच्या. त्यांच्या मातोश्री गोव्यात एका कॉन्व्हेंटच्या शाळेत हे शिकल्या होत्या. बदलीच्या नोकरीत बाईंनी घरातली भांडी वाटेत कोठे कोठे सोडली, पण आईची सुई सोडली नाही. अशा रीतीने एक फ्रेंच नावाचा आकडा गोव्याकडून आणि बंगालकडून, अशा दोन वाटांनी, माडिया मुलखातील एका पडवीत येऊन भेटला. ही भेट घडवून आणली ती आषाढातील पावसाने. शेतातली कामे थांबली की दुपार रिकामी असते आणि वीज बहुधा गेलेली असते.

शिकणाऱ्यांत चार-पाच गृहिणी, आश्रमशाळेत शिकणाऱ्या दोन माडिया मुली आणि पुरुषांपैकी आम्ही. पुरुषाने सुई धरली म्हणून कोणी हसले नाही. पावसात सगळ्यांनाच वेळ जड झाला होता.

बाईंचा पहिला नियम असा, की फुलाचे नाव पहिले दोन दिवस काढायचे नाही. हातभर साखळी विणायची, ती बाईंना दाखवायची, उसवायची आणि पुन्हा विणायची. साखळी म्हणजे काय, तर सुईवर एक फास असतो. दोरा सुईवर घेऊन तो त्या फासातून ओढला की दुसरा फास होतो. इतकेच. परंतु नवशिक्याच्या हाती पहिल्या वीस कड्या वीस आकारांच्या होतात. एक इतकी आवळ की सुईचे टोक आत जात नाही, दुसरी इतकी सैल की बोट जाईल. दोष सुई धरलेल्या उजव्या हाताचा नसतो, दोरा सोडणाऱ्या डाव्या हाताचा असतो. करंगळीभोवती एक वळसा आणि तर्जनीवरून दोरा, अशी त्याची वाट ठरली की तो बेताने सुटू लागतो. बाई आमच्या डाव्या हाताकडेच पाहत. उजवा हात काय करतो इकडे त्यांचे लक्ष नसे. बाजारातील पुस्तकांत चित्रे उजव्या हाताची असतात, हा आम्हांला त्या पुस्तकांचा मोठाच दोष वाटतो.

तिसऱ्या दिवसापासून टाके. सुई विणीत घालून दोरा ओढला की सुईवर दोन फास होतात, आणि पुन्हा दोरा घेऊन दोन्हींतून एकदम काढला की मुका खांब तयार होतो. आधी सुईवर एक वळसा घेऊन मग आत शिरले तर तीन फास होतात, आणि ते दोन-दोन करून सोडवले की उंच, सरळ खांब उभा राहतो. तेच तिन्ही एकदम सोडवले की अर्धा खांब. साखळी, मुका खांब, अर्धा खांब, खांब. या चार अक्षरांवर सगळी फुले लिहिता येतात. पाकळी कडेला बसकी आणि मध्ये उंच असते. म्हणून मुका, अर्धा, तीन खांब, पुन्हा अर्धा, पुन्हा मुका, असे टाके एका कमानीत घातले की पाकळीला तिचा डौल आपोआप येतो. हे प्रथम डोळ्यांदेखत घडते तेव्हा हाताला जो आनंद होतो तो आम्ही येथे वर्णन करीत बसत नाही. ज्यांनी पहिली पोळी फुगताना पाहिली आहे त्यांना तो सांगावा लागणार नाही.

पहिले फूल सदाफुलीचे. पाच साखळ्या जोडून कडे करायचे, कड्यात दहा मुके खांब, आणि दोन-दोन खांबांवर एक अशा पाच पाकळ्या. नवशिक्यांच्या सदाफुलीला हटकून चार पाकळ्या होतात, किंवा सहा. कारण फेरी जेथे जुळते तेथला टाका मोजायचा की नाही, याचा हाताला उलगडा झालेला नसतो. बाईंचा उपाय साधा. फेरीच्या पहिल्या टाक्यात वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचा तुकडा अडकवून ठेवायचा. मोजणीत माडिया मुली आम्हां सर्वांच्या पुढे निघाल्या, आणि त्याचे कारण त्यांतील एकीनेच सांगितले. "बाई, हे तं मनीच आहेत जी, दोऱ्याचे." तिच्या गळ्यात मण्यांच्या पदरांवर पदर होते. मणी ओवताना एक चुकला तर नक्षी सरकते, हे तिची बोटे लहानपणापासून जाणत होती. विणीतील टाका तिच्या लेखी एक मणीच होता.

मोजणी या मुलखाला नवी नाहीच. उन्हाळ्यात तेंदूपाने तोडून घरोघर पुडे बांधले जातात, साधारणतः सत्तर पानांचा एक पुडा, आणि मजुरी पुड्यांच्या हिशेबाने. ज्या बायका झोपेतही सत्तर पाने मोजतील त्यांना पाच पाकळ्यांचा हिशेब किती अवघड जाणार?

सदाफुलीनंतर गुलाब. त्याची युक्ती अशी, की पहिल्या थरात तीन-तीन साखळ्यांच्या सहा कमानी आणि प्रत्येकीत वर सांगितलेली पाकळी. मग फूल उलटे करून पाकळ्यांच्या पाठीमागे पाच-पाच साखळ्यांच्या कमानी टाकायच्या आणि त्यांत पाच-पाच खांबांच्या पाकळ्या. त्याही मागे सात साखळ्या, सात खांब. पुढच्या पाकळ्या लहान, मागच्या मोठ्या, असा तीन थरांचा गुलाब तळहातावर बसतो. आणि झेंडू? तो आम्ही शेवटी शिकलो आणि तोच सर्वांत सोपा निघाला. चाळीस साखळ्यांची पट्टी, तिच्या प्रत्येक कडीत तीन-तीन खांब. इतकी दाटी झाली की पट्टीला सरळ राहणे अशक्य होते, ती स्वतःहून मुरडते, झालरीसारख्या चुण्या पडतात. मग ती गुंडाळायची आणि बुडाला सुईदोऱ्याने चार टाके घालायचे. झेंडू तयार.

या चुण्यांवरून एक आडवी गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. सपाट चकती विणायची तर पहिल्या फेरीत बारा खांब, दुसऱ्या फेरीत चोवीस, तिसऱ्या फेरीत छत्तीस असा साधारण क्रम ठेवावा लागतो. त्याहून कमी घातले तर चकतीची वाटी होते, जास्त घातले तर तिला चुण्या पडतात. आता अशा चुण्या पडलेल्या पृष्ठभागावरची भूमिती शाळेतील भूमितीहून निराळी असते, आणि गणितज्ञांना ती कागदावर मांडता येई, पण हातात धरता येत नसे. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात डायना ताइमिना या मूळच्या लाटव्हियाच्या गणितज्ञ बाईंनी १९९७ साली तो पृष्ठभाग चक्क क्रोशाच्या सुईने विणून विद्यार्थ्यांच्या हाती दिला. एटापल्लीच्या पडवीत झेंडू विणणाऱ्या बायकांना याचा पत्ता नव्हता. सांगितल्यावर बाई एवढेच म्हणाल्या, "म्हणजे त्यांनीही टाके जास्तच घातले."

देवाला चालेल काय?

श्रावणात फुलांचा ढीग जमू लागला तेव्हा आळीतील एका वृद्ध आजींनी जो प्रश्न विचारला त्याने पडवी गप्प झाली. सुताचे फूल देवाला चालते का?

हा प्रश्न थट्टेवारी नेण्याजोगा नव्हे. पूजेतील फूल ताजे असावे, शिळे, हुंगलेले किंवा जमिनीवर पडलेले नसावे, ही परंपरा सर्वांना ठाऊक आहे. बेल आणि तुळस यांना शिळेपणाचा दोष नाही असे मानतात, पण तो त्यांचा मान. इतरांना ती सवलत नाही. फूल वाहिले जाते ते आज उमलून उद्या कोमेजणारे म्हणून. दुसऱ्या दिवशी त्याचे निर्माल्य होते आणि नवे फूल येते, यात पूजेची दररोजची नवलाई आहे. सुताचे फूल कोमेजत नाही, म्हणून ते ताजेही नसते. तेव्हा आजींचा आक्षेप आम्हांला रास्त वाटतो. श्रींच्या मस्तकावर तांबडी जास्वंदच हवी, आणि ती न मिळाली तर दूर्वांची जुडी पुरेशी आहे. दूर्वा तर एटापल्लीत पावलोपावली आहेत. सुताची जास्वंद विणून ती जास्वंदीच्या नावाने वाहावी, हे आम्हांला पटत नाही.

परंतु प्रश्न येथेच संपला नाही, आणि तो पुढे नेला त्याच आजींनी. त्यांच्या हातात त्या वेळी कापूस होता. पूजेसाठी त्या वस्त्रे करीत होत्या. कापसाची वात ओढून, ठरावीक अंतरावर दुधाच्या बोटाने पीळ देऊन, मण्यामण्यांची माळ करायची आणि पिळांवर कुंकू लावायचे. महाराष्ट्रात गणपतीच्या व महालक्ष्म्यांच्या पूजेत ही कापसाची वस्त्रे वाहिल्यावाचून पूजा पुरी होत नाही. हाताने वळलेला कापूस देव वस्त्र म्हणून स्वीकारतो, तर हाताने विणलेला कापूस त्याने का नाकारावा? फूल म्हणून नव्हे. वस्त्र म्हणून, अलंकार म्हणून, आरास म्हणून. विदर्भात महालक्ष्म्यांवर जो फुलोरा टांगतात त्यात एकही फूल नसते. करंज्या असतात, तळलेल्या पिठाची वेणी-फणी असते, तरी नाव फुलोरा. आपल्या आजीपणजींना शब्दाची आणि वस्तूची ही मोकळीक चांगली ठाऊक होती.

निवाडा असा झाला, की सुताची फुले मखराला, तोरणाला आणि चौरंगाच्या झालरीला लावायची. मूर्तीला स्पर्श करील ते दूर्वांचे, पत्रीचे आणि जे मिळेल त्या ताज्या फुलाचे. आजींनी स्वतः त्यात एक अट घातली. तोरणाची फुले एकवीस हवीत, आणि विकत आणलेले त्यांत एकही नको.

सुईचा आणि भुकेचा इतिहास

सुताच्या या फुलांमागे एक करुण इतिहास आहे, तो सणाच्या दिवशी सांगितला म्हणून अमंगल मानू नये. आयर्लंडमध्ये १८४५ पासून बटाट्याचे पीक रोगाने गेले आणि भयंकर दुष्काळ पडला. लाखो माणसे मेली, लाखो देश सोडून गेली. त्या काळात तेथील कॉन्व्हेंटांतील भगिनींनी व इतर स्त्रियांनी शेतकऱ्यांच्या बायका-मुलींना क्रोशाची लेस शिकवली. जी नाजूक लेस करण्यास आठवडेच्या आठवडे लागत, तिची छबी साध्या आकड्याने लवकर उठवता येई. गुलाब, पाने, द्राक्षांचे घड असे एकेक सुटे विणायचे आणि मग जाळीने एकत्र जोडायचे, ही त्यांची पद्धत. आम्ही वर सांगितलेला तीन थरांचा गुलाब आयरिश गुलाब म्हणूनच ओळखला जातो. लंडन-पॅरिसच्या धनिक स्त्रियांच्या गळपट्टीवर तो शोभला, आणि त्याच्या पैशातून कित्येक झोपड्यांत चूल पेटली.

आपल्या जवळचे उदाहरण गोदावरीच्या मुखाशी आहे. एटापल्लीच्या नद्यानाल्यांचे पाणी शेवटी गोदावरीलाच मिळते. त्याच नदीच्या त्रिभुज प्रदेशात आंध्रातील नरसापूर हे गाव आहे. एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती मिशनऱ्यांनी तेथे लेसचे काम आणले आणि ते भोवतालच्या खेड्यापाड्यांतील घराघरांत पसरले. नरसापूरच्या क्रोशाच्या लेसला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. हा झाला गौरवाचा भाग. दुसरा भाग मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात मांडला. या हजारो बायका जगाच्या बाजारासाठी राबत होत्या, पण त्यांना कामगार कोणी म्हणत नव्हते. त्या घरी बसून फावल्या वेळात विणतात, असे म्हटले की मजुरी कितीही कमी देता येत असे. व्यापार आणि निर्यात पुरुषांच्या हाती, नफाही त्यांच्याच. 'फावला वेळ' हे दोन शब्द या धंद्यात किती महाग पडतात, हे त्या पुस्तकाने दाखवून दिले.

हे येथे सांगण्याचे कारण आहे. गेल्या वर्षी आमच्या आळीतील तोरण पाहून बाहेरगावच्या एका पाहुण्यांनी तसलीच दहा तोरणे मागितली, आणि जो भाव सांगितला तो प्लॅस्टिकच्या माळेपेक्षा थोडा जास्त होता. पाहुणे भले गृहस्थ. त्यांचा हेतू वाईट नव्हता. त्यांना एवढेच ठाऊक नव्हते, की क्रोशाची खरी वीण यंत्रावर होत नाही. कापड विणण्याची, मोजे विणण्याची यंत्रे कधीचीच आली. परंतु आकडा पूर्ण झालेल्या विणीत कोठेही शिरवून फास ओढणारे यंत्र व्यापारी प्रमाणावर आजवर आलेले नाही. दुकानात वारावर जी क्रोशासारखी दिसणारी लेस मिळते ती यंत्राच्या निराळ्या विणीची नक्कल असते. म्हणजे जगात जेथे जेथे क्रोशाचे खरे फूल आहे, मग ते पाच रुपयांना मिळो की पाचशेंना, तेथे तेथे कोणाच्या तरी बोटांनी प्रत्येक टाका मोजलेला आहे.

बाईंनी त्या दिवशी पडवीतच हिशेब मांडला. सराव झालेल्या हाताला एक गुलाब साधारण चाळीस मिनिटे घेतो. एकवीस गुलाबांना चौदा तास. पाने, देठ आणि ओवण्याची दोरी यांना आणखी सहा. वीस तास म्हणजे अडीच दिवसांची रोजी. त्यावर दोऱ्याचे पैसे वेगळे. पाहुण्यांनी तो आकडा ऐकला, क्षणभर गप्प राहिले, आणि दहाऐवजी दोन तोरणांची मागणी नोंदवून पूर्ण दाम देऊन गेले. आम्हांला हा सौदा दहा तोरणांच्या सौद्याहून चांगला वाटतो. आठ तोरणे कमी झाली खरी, पण वीस तासांना किंमत असते हे पडवीतल्या प्रत्येकीने ऐकले. याच जिल्ह्यातील मेंढा-लेखा गावाच्या ग्रामसभेने २०११ साली आपल्या जंगलातील बांबू स्वतः विकण्याचा हक्क बजावला. आपल्या मालाचा भाव आपण सांगावा, ही गोष्ट या मातीला परकी राहिलेली नाही. मात्र आळीतील एका गृहिणीने विचारले ते आमच्या मनातून अजून गेले नाही. घरच्या देवासाठी विणले ते वीस तास आणि विकण्यासाठी विणले ते वीस तास, यांत फरक कोणता? बाईंनी उत्तर दिले नाही. आम्हांलाही ते देता येत नाही.

यंदा शिकू इच्छिणाऱ्यांसाठी

चतुर्थीला अवधी थोडा असेल तर नवशिक्याने गुलाबाच्या नादी लागू नये. झेंडू आणि सदाफुली यांतच तोरण साधावे. पहिले तीन दिवस साखळीला द्यावेत आणि पहिली पाच फुले हिशेबात धरू नयेत. दोरा घेताना एक काळजी घ्यावी. बाजारात लोकर म्हणून जे विकले जाते त्यातील बरेचसे ॲक्रिलिक असते, म्हणजे एका परीने प्लॅस्टिकच. प्लॅस्टिकची माळ टाळण्यासाठी ॲक्रिलिकचे फूल विणण्यात अर्थ नाही. सुती दोराच मागावा. ज्या सुती दोऱ्याला रेशमासारखी चकाकी असते तो मर्सराइझ केलेला असतो. जॉन मर्सर या इंग्रज गृहस्थाने १८४४ च्या सुमारास सुतावर कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया शोधली, पुढे सूत ताणून धरून ती केली तेव्हा ही चकाकी आली. अशा दोऱ्यावर रंगही पक्का बसतो. तरीसुद्धा तांबड्या दोऱ्याची परीक्षा करावी. ओल्या पांढऱ्या फडक्यावर घासून पाहावा. भाद्रपदातील दमट हवेत कच्चा तांबडा रंग शेजारच्या पांढऱ्या पाकळीवर उतरतो आणि मग तोरण दहा दिवस खिन्न दिसते.

सुरुवातीला दोरा जाड आणि सुई मोठी, अडीच-तीन मिलिमीटरची घ्यावी. टाका डोळ्यांना दिसला पाहिजे. बारीक दोऱ्याचे नाजूक काम दुसऱ्या वर्षासाठी ठेवावे. कंदिलाच्या किंवा मेणबत्तीच्या उजेडात काळा आणि गडद निळा दोरा विणू नये. वीज नसलेल्या गावातील हा आमचा अनुभव आहे. तोरण समईपासून आणि निरांजनाच्या हातापासून दूर बांधावे, कारण सूत पेट घेते.

फुले ताठ राहावीत म्हणून तांदळाची पातळ खळ करावी, तीत फूल बुडवून पिळावे आणि पाकळ्या बोटांनी उघडून सावलीत वाळवावे. पाऊस असेल तर वाळण्यास दोन दिवस लागतात, तेव्हा हे काम हरितालिकेच्या आदल्या रात्रीवर ठेवू नये. विसर्जनाच्या दिवशी उत्तरपूजा झाली की तोरण आधी उतरवून घ्यावे. ते निर्माल्य नव्हे, आणि पाण्यात सोडण्याची वस्तूही नव्हे. रिठ्याच्या पाण्यात धुऊन खळ पूर्ण काढून टाकावी, कारण खळीच्या वासावर कसर आणि झुरळे येतात. मग जुन्या धोतराच्या फडक्यात, वेखंडाचे दोन तुकडे घालून, पत्र्याच्या डब्यात ठेवावे. आमच्या आळीतील डबा मात्र अनंत चतुर्दशीनंतर फार दिवस बंद राहत नाही. घटस्थापनेला तोच उघडतो, गुलाब बाजूला राहतात आणि झेंडू तेवढे दसऱ्याच्या दारासाठी बाहेर येतात.